थायलंड : वाटतो त्यापेक्षा जवळ, वाटतो त्यापेक्षा वेगळा

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं का उभं केलंय हे ग्रुपवर असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या बॅचमधले नांदेडचे नऊ आणि लातूरचे आठ असे सतरा जण येत्या हिवाळ्यात थायलंडला निघालेत. मी तिथं रयोंग भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं काढली. म्हणून संयोजकांनी सांगितलं, "वीस मिनिटं घे, पण कंटाळा आणू नको." समोर आपले सर आणि बाई बसलेल्या असताना घंटेच्या पुढे बोलायची माझी आजही छाती नाही.

सहलीचं ठरल्यापासून ग्रुपवर तीन प्रकारचे निरोप येतायत. पहिला, "तिकडे सगळं आपलंच आहे, राम आहे, गणपती आहे, ते मूळचे हिंदूच." दुसरा, "तो बौद्धांचा देश आहे, म्हणजे आमचाच देश." आणि तिसरा म्हणजे पटायाच्या नावानं फिरणारे विनोद, जे बाईंसमोर वाचून दाखवता येणार नाहीत. आज मला या तिन्हींबद्दल बोलायचं आहे. पण आधी त्या देशाची थोडी ओळख करून देतो.

विमानातून उतरलात की पहिली पाटी दिसेल ती विमानतळाच्या नावाची, सुवर्णभूमी. पण तिथला माणूस ते नाव उच्चारतो 'सुवन्नफूम'. थाई भाषेची गंमत इथंच कळते. संस्कृत-पाली शब्द ते लिहितात जवळजवळ पूर्ण आणि बोलताना शेपूट गिळून टाकतात. नगर म्हणजे 'नखोन'. भाषा म्हणजे 'फासा'. आहार म्हणजे 'आहान'. प्रदेश म्हणजे 'प्रथेत', पण अर्थ देश. विद्यालय म्हणजे 'वित्थयालय', आणि 'महावित्थयालय' म्हणजे मात्र कॉलेज नव्हे, अख्खं विद्यापीठ. टेलिफोनला ते 'थोरसप' म्हणतात, म्हणजे दूर-शब्द. आपण दूरध्वनी केला, त्यांनी दूरशब्द केला. लिपी दिसायला जिलेबीसारखी असली तरी मुळाक्षरांचा क्रम क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग असाच आहे. ती लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून ख्मेर लिपीच्या मार्गानं तिकडे गेली. शिक्षकाला ते 'ख्रू' म्हणतात, म्हणजे गुरू. प्राध्यापक 'आचान', म्हणजे आचार्य. शिष्याला 'सित'. आणि आज आपण सगळे जे आहोत, म्हणजे माजी विद्यार्थी, त्यांना थाई भाषेत म्हणतात 'सित काओ'. जुने शिष्य! माजी विद्यार्थी या शब्दात आपण शाळेतून निघून गेलेलो असतो. 'जुना शिष्य' या शब्दात आपण अजून शिष्यच असतो. मला तो शब्द फार आवडतो.

वारांची नावं ऐका. आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, फुत म्हणजे बुध, सुक म्हणजे शुक्र. मंगळवारला ते म्हणतात 'अंगखान', म्हणजे अंगारक. अंगारकी चतुर्थी मंगळवारीच का येते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा वार पाठ करावा लागणार नाही. महिन्यांची नावं तर राशींवरूनच आहेत. जानेवारी मकर, फेब्रुवारी कुंभ, मार्च मीन, एप्रिल मेष, अशी. १८८९ मध्ये राजपुत्र देववंश यांनी ही नावं बसवली आणि त्यात एक शहाणपण केलं. तीस दिवसांच्या महिन्याच्या नावाला शेवटी 'आयन' लावलं, एकतीस दिवसांच्या महिन्याला 'आगम', आणि बिचाऱ्या फेब्रुवारीला 'बंध'. मुठीची हाडं मोजून एकतीसचा महिना शोधायची थाई पोरांना गरजच नाही.

त्यांचा सर्वांत मोठा सण 'सोंगक्रान', म्हणजे संक्रांत. आपली मकरसंक्रांत नव्हे, तर सूर्य मेषेत जातो ती. १३ ते १५ एप्रिल असे तीन दिवस सगळा देश रस्त्यावर येऊन एकमेकांवर पाणी उडवतो, पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घेतो. २०२३ मध्ये युनेस्कोनं या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात तो १४ एप्रिल नेमका सोंगक्रानच्या मधला दिवस असतो.

आता राजधानी. बँकॉक हे नाव परक्यांसाठी. तिथले लोक म्हणतात 'क्रुंग थेप', म्हणजे देवांचं नगर. ही झाली सुरुवात. पूर्ण नाव जगातल्या सर्वांत लांब स्थळनावांत मोडतं. ते मी संस्कृत रूपात वाचतो, कुणी मध्ये टाळ्या वाजवू नका, मी चुकेन. 'देव-महानगर, अमर-रत्न-कोसिंद्र, महिंद्र-अयोध्या, महातिलक-भव, नवरत्न-राजधानी, पुरी-रम्य, उत्तम-राज-निवेशन, महास्थान, अमर-विमान, अवतार-स्थित, शक्र-दत्तिय, विष्णुकर्म-प्रसिद्धि.' म्हणजे इंद्रानं दिलेलं आणि विश्वकर्म्यानं बांधलेलं नगर. नावात अयोध्या आहे, कारण आधीची राजधानीच 'अयुत्थया' होती. चौदाव्या शतकाच्या मध्यात वसलेलं ते शहर ब्रह्मदेशाच्या सैन्यानं १७६७ मध्ये जाळून बेचिराख केलं. आपल्याकडे पानिपत होऊन सहा वर्षं झाली होती. तिथूनही ते उभे राहिले. १७८२ मध्ये बँकॉकला नवी राजधानी झाली, आणि ज्यानं ती केली त्याला आज 'पहिला राम' म्हणतात. सध्याचे राजे दहावे राम आहेत.

त्यांचं रामायण म्हणजे 'रामकियेन', म्हणजे रामकीर्ती. राजवाड्यातल्या मंदिराच्या ओवरीत त्याची १७८ भित्तिचित्रं आहेत, ती चुकवू नका. पण घरून रामायण पाठ करून गेलात तर पदोपदी अडखळाल. रावणाला ते 'तोत्सकान' म्हणतात, म्हणजे दशकंठ. आणि आपला ब्रह्मचारी मारुती तिथं चांगला प्रेमवीर आहे. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या मुलगी दगड पळवते, तिला पकडायला गेलेला हनुमान तिच्याच प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. ही कथा आमच्या कारखान्यात पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी विचारलं, "आमचा हनुमान असा नाही." समोरची मुलगी हसून म्हणाली, "मग तो तुमचा असेल. हा आमचा आहे." या एका वाक्यात थायलंडबद्दलचं बरंच काही आलं.

इतिहासातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते की थायलंड कधी युरोपियनांच्या ताब्यात गेला नाही. हे खरं आहे. पश्चिमेला ब्रह्मदेश इंग्रजांचा, पूर्वेला लाओस-कंबोडिया फ्रेंचांचे, आणि मधला सयाम स्वतंत्र. पण हे फुकट झालं नाही. १८५५ च्या तहानं व्यापाराचे आणि न्यायाचे हक्क इंग्रजांना द्यावे लागले. १८९३ मध्ये मेकाँग नदीपलीकडचा प्रदेश गेला, १९०७ मध्ये अंकोरवाटचा भाग फ्रेंचांना आणि १९०९ मध्ये दक्षिणेची चार मलय राज्यं इंग्रजांना द्यावी लागली. अंग राखायला बोटं दिली. आपला मराठवाडाही निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कागदावरचं स्वातंत्र्य आणि रेसिडेंटच्या सावलीतलं स्वातंत्र्य यातला फरक आपल्या आजोबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या काळातला राजा मोंगकुत हा गणित-खगोलाचा वेडा. गादीवर बसण्याआधी तो २७ वर्षं भिक्खू होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची वेळ आणि जागा त्यानं स्वतः गणितानं काढली आणि परदेशी पाहुण्यांना बोलावून ते दाखवलं. हेच ग्रहण आपल्या विजयदुर्गावरून आणि गुंटूरहून पाहिलं गेलं, आणि त्या निरीक्षणांतूनच पुढे हेलियमचा शोध लागला. आपल्याला विज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितलेलं हेलियमचं ग्रहण ते हेच. मोंगकुतला मात्र त्या दलदलीच्या जागी हिवतापानं गाठलं आणि सहा आठवड्यांत तो गेला. त्याचा मुलगा चुलालोंगकोर्न, पाचवा राम. १८७२ मध्ये तो हिंदुस्थान बघायला आला, मुंबईलाही येऊन गेला. पुढे १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथं स्तूपात बुद्धाच्या अस्थी सापडल्या, तेव्हा त्या इंग्रज सरकारनं याच राजाला दिल्या. बँकॉकच्या वाट साकेत या विहाराच्या सुवर्णपर्वतावर चढून जाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथं ठेवलेलं जे आहे ते आपल्या मातीतून गेलेलं आहे.

आता पहिल्या निरोपाकडे येतो. 'ते मूळचे हिंदूच.'

तुम्हाला गणपती जागोजागी दिसेल. त्याला ते 'फिकनेत' म्हणतात, म्हणजे विघ्नेश. कलांचा देव म्हणून तो सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर आहे. बँकॉकच्या पूर्वेला ३९ मीटर उंचीचा उभा गणपती आहे. राजदरबारात आजही ब्राह्मण आहेत आणि मे महिन्यात राजाच्या नांगरणीच्या विधीत बैलांपुढे भात, मका, तीळ, पाणी, दारू असे सात जिन्नस ठेवतात. बैल काय खातात त्यावरून पीकपाण्याचं भाकीत होतं. भेंडवळची घटमांडणी ऐकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. घराच्या आवारात खांबावर छोटंसं देवघर असतं, ते त्या जागेच्या भूमिदेवतेचं. तिला फुलं, उदबत्ती आणि बहुतेक ठिकाणी लाल फँटाची बाटली, नळी घालून. आपला म्हसोबा शेंदरावर भागवतो, त्यांची देवता सरबत पिते.

पण हे सगळं करणारा माणूस स्वतःला हिंदू म्हणत नाही. तिथं शंभरातले नव्वदहून अधिक लोक बौद्ध आहेत आणि चाळीस हजारांच्या आसपास विहार आहेत. गणपतीला हात जोडणं हे त्यांच्या बौद्ध असण्याच्या आत बसतं, बाहेर नाही. त्यांच्या देवघरात आपला देव दिसला म्हणून ते घर आपलं होत नाही. मारुतीच्या गोष्टीत ती मुलगी हेच म्हणाली होती.

दुसरा निरोप, 'बौद्ध देश, म्हणजे आमचाच देश.' हा निरोप टाकणारे आपले मित्र जास्त जवळचे आहेत, पण त्यांनाही तिथं काही गोष्टी चकित करतील.

पहाटे साडेपाच-सहाला रस्त्यावर उतरा. भगव्या चिवरातले भिक्खू अनवाणी, एका रांगेत, पात्र घेऊन येतात. याला ते 'बिंतबात' म्हणतात, पालीतला पिंडपात. देणारा चपला काढतो, गुडघे टेकतो आणि अन्न पात्रात ठेवतो. भिक्खू आभार मानत नाही, कारण उपकार घेणाऱ्याने नव्हे, देणाऱ्याने घेतलेला असतो. दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत. पावसाळ्यात एका जागी राहतात, त्याला 'फन्सा' म्हणजे वर्षावास. आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा मुलगा आयुष्यात एकदा तरी भिक्खू होतो, कधी पंधरा दिवस, कधी एक पावसाळा. डोकं भादरतात तेव्हा आई केसांची पहिली बट कापते. त्याचं पुण्य आईला मिळतं अशी श्रद्धा आहे. आमच्या कारखान्यात त्यासाठी रजा मिळायची. परत आला की पोरगा पुन्हा लेथ मशीनवर. मुलींना मात्र ही वाट नाही. १९२८ मध्ये तिथल्या संघराजानं स्त्रियांना भिक्खुणीची दीक्षा द्यायला मनाई केली. धम्मानंदा भिक्खुणींना २००३ मध्ये श्रीलंकेला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. आपल्या महाराष्ट्रात भिक्खुणी दिसतात, याचं तिथल्या बायकांना अप्रूप वाटतं.

जानेवारी २०२३ मध्ये परभणीहून शंभरावर थाई भिक्खू बुद्धाच्या अस्थिधातू घेऊन पायी निघाले आणि फेब्रुवारीत मुंबईला चैत्यभूमीवर पोचले. आपल्यातले दोघं जण वाटेत त्यांच्या सेवेला होते, ते इथं बसलेत. पायी हिंडण्याच्या त्या परंपरेला थाईत 'थुदोंग' म्हणतात, पालीतला धुतांग. वारीच्या मुलखात पायी चालणाऱ्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी भारतातून बुद्धाचे आणि सारिपुत्त-मोग्गलान या शिष्यांचे धातू महिनाभर थायलंडला गेले, तेव्हा दर्शनाला चाळीस लाखांवर माणसं आली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचं उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. म्हणजे नातं जिवंत आहे आणि ते आपल्याच जिल्ह्यांतून जातं.

पण आता तीन तारखा सांगतो, आणि माझं मुख्य म्हणणं त्यातच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची.

२२ ऑक्टोबर १९५६, म्हणजे बरोबर आठ दिवसांनी, बँकॉक. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी गादी बाजूला ठेवून डोकं भादरलं आणि पंधरा दिवस भिक्खू म्हणून राहिले. राजा अनवाणी भिक्षा मागत फिरला.

९ नोव्हेंबर १९५६, पुन्हा बँकॉक. एका सरकारी हॉटेलच्या बांधकामात अपघातांमागून अपघात होत होते, म्हणून त्याच्या कोपऱ्यावर चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ती बसवली. तेच आजचं प्रसिद्ध एरावन मंदिर. रोज हजारो बौद्ध तिथं झेंडूच्या माळा वाहतात.

एकाच महिन्याच्या अंतरातल्या या तीन घटना. गंमत म्हणजे वर्षही एक नव्हतं. आपल्याकडे ते बुद्धाचं २५०० वं वर्ष म्हणून साजरं झालं, तर थायलंडच्या दिनदर्शिकेत २४९९ चालू होतं. ते महापरिनिर्वाणापासून पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर 'एक' मोजतात, म्हणून त्यांचा २५०० चा सोहळा १९५७ मध्ये झाला.

मग खरे बौद्ध कोण? ब्रह्मदेवाला माळ घालणारे, की त्याला न मानण्याची शपथ घेणारे? मित्रांनो, हा प्रश्न घेऊन तिकडे जाऊ नका. मूर्ती तीच आहे, तिच्याभोवतीचं गाव वेगळं आहे. बँकॉकच्या ब्रह्मदेवानं कुणाला पाणवठ्यावरून हाकललेलं नाही. त्याच्या नावानं कुणाची सावली टाळली गेलेली नाही. म्हणून त्यांना त्याच्यापुढे नमताना काही गमवावं लागत नाही. आपल्याकडे ती प्रतिज्ञा देवाविरुद्ध नव्हती, त्या देवांच्या नावानं उभ्या केलेल्या उतरंडीविरुद्ध होती. आपण शाळेत होतो ती नामांतराच्या चळवळीची वर्षं. आपापल्या घरी त्यावर काय बोललं जायचं हे इथं बसलेल्या प्रत्येकाला आठवतं. त्यामुळे एरावनच्या चौकात सतरा जणांपैकी कुणी हात जोडेल आणि कुणी जोडणार नाही. जोडणाऱ्यानं न जोडणाऱ्याला "बघ, तिथले बौद्धसुद्धा जोडतात" असं म्हणू नये. आणि न जोडणाऱ्यानं थाई बाईला धम्म शिकवायला जाऊ नये. इथली भांडणं जिंकायला तिथले साक्षीदार आणायचे नसतात. ते त्यांच्या घरात आहेत, आपण पाहुणे आहोत.

तिसरा निरोप. पटाया.

थायलंडचा ईशान्य भाग एक पठार आहे. त्याला नावच 'ईसान' आहे, म्हणजे ईशान. देशाची साधारण एक तृतीयांश माणसं तिथली. पाऊस पडतो, पण वाळूची जमीन पाणी धरत नाही. ऊस, कसावा आणि एक भाताचं पीक. भाषा लाओशी मिळतीजुळती, म्हणून बँकॉकवाले त्यांच्या बोलीला हसतात. शेतीत भागत नाही म्हणून पोरं-पोरी बांधकामावर, टॅक्सीवर, कारखान्यात, आणि पटायात जातात. म्हाताऱ्या आज्या गावात नातवंडं सांभाळतात आणि महिन्याच्या पैशांची वाट बघतात. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या मुली ईसानच्या होत्या. दिवाळीनंतर पोरं आजीजवळ ठेवून कारखान्याच्या ट्रकमध्ये बसणारी बीड-लातूरकडची जोडपी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ईसान समजावून सांगावा लागत नाही. तो थायलंडचा मराठवाडा आहे. आपण विनोद करतो ते त्या मुलींवर. पुण्या-मुंबईला आपल्या बोलीला कुणी हसलं तर आपल्याला कसं वाटतं, एवढं आठवलं तरी पुरे. यापुढे ग्रुपवर तसला विनोद आला तर मी उत्तर देणार नाही, फक्त 'ईसान' एवढा एक शब्द लिहीन.

आता निघणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. नमस्काराला 'सवात्दी' म्हणा, म्हणजे स्वस्ती, आणि हात जोडा, तेवढं आपल्याला येतंच. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान पोराच्याही. विहारात पाय मूर्तीकडे करून बसू नका, गुडघे आणि खांदे झाकलेले ठेवा. बायकांनी भिक्खूला स्पर्श करू नये, काही द्यायचं तर समोर कापडावर ठेवावं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं, लोक थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल चेष्टेनंही बोलू नका. तिथं त्यासाठी तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे आणि परदेशी माणसालाही सूट नाही. आणि जे आपल्या गावच्या विहारासाठी बुद्धमूर्ती आणणार आहेत त्यांनी हे नीट ऐका. मूर्ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो. दुकानदाराला सांगून आधीच अर्ज करा, परतीच्या दिवशी धावपळ नको. दिवाणखान्याच्या शोभेसाठी बुद्धाचं डोकं मात्र कुणीच आणू नका. ते त्यांना फार लागतं, तसे फलकच तिथं रस्त्यावर लावलेले आहेत.

एक वेळ काढून फाहुरात या कापड बाजारात जा. तिथं सोन्याच्या घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे. आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारे शीख व्यापारी आहेत. त्यांना फक्त सांगा की आम्ही नांदेडहून आलो. मी सांगितलं तेव्हा गल्ल्यावरचे आजोबा उठून उभे राहिले. "हजूर साहिब?" म्हणाले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला, त्या गावचा माणूस त्यांच्या दुकानात आला होता. महाराष्ट्रात नांदेड म्हटलं की लोक तापमान विचारतात. बँकॉकमध्ये ते नाव ऐकून माणूस उभा राहतो.

शेवटचा मुद्दा सर आणि बाईंसाठी.

थाई शाळांत वर्षाच्या सुरुवातीला 'वाय ख्रू' होतो, म्हणजे गुरुवंदना. तो गुरुवारीच करतात, कारण तो बृहस्पतीचा वार. अख्खी शाळा गुडघे टेकून शिक्षकांना फुलांचं तबक देते. त्या तबकात चार वस्तू असाव्या लागतात. वांग्याचं फूल, कारण ते खाली मान घालून असतं, म्हणजे नम्रता. सुईसारख्या कळ्यांचं एक्झोराचं फूल, म्हणजे तीक्ष्ण बुद्धी. भाताच्या लाह्या, म्हणजे शिस्त, कारण तापल्या भांड्यात झाकणाखाली राहूनच दाणा फुलतो. आणि चौथी दूर्वा. शेतातली साधी हरळी.

हरळी म्हटलं की आपल्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. खुरपली, नांगरली, मुळं वेचून बांधावर फेकली, मे महिन्याच्या उन्हात वाळून कोळ झाली, तरी पहिल्या पावसात ती परत हिरवी होते आणि जाईल तिथं पसरते. थाई पोरं म्हणतात, गुरूनं दिलेली विद्या अशी असावी.

सर, बाई, नांदेड-लातूरच्या या सतरा-अठरा जुन्या शिष्यांत तुम्ही लावलेली हरळी अजून आहे. ती आता थायलंडला निघाली आहे, तेवढा आशीर्वाद द्या.

सवात्दी.